तूर इथली, डाळही इथलीच

यवतमाळ जिल्ह्यातलं एक लहानसं गाव. फेब्रुवारीचं ऊन. टिनाच्या शेडसमोर ताडपत्रीवर तूर पसरली आहे, तेलाचा हात फिरवलेली. दोघी जणी अनवाणी पायांनी ती पालटत चालल्या आहेत. "ऊन हाय तवर उलटीपालटी करून घ्या वं," आतून हाक येते.

आत घरघरते आहे मिनी दालमिल, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली. आधी दाण्याला ओरखडे, मग तेल-पाणी, मग ऊन, मग भरडणं. डाळ वेगळी पडते, चुनी वेगळी. चुनी गोठ्यात जाते.

ही शेड नव्हती तेव्हा तूर पोत्यानं बाजार समितीत जायची आणि डाळ पाकिटातून परत यायची. मधली मजुरी परक्या गावात राहायची. कापसाचंही तेच.

रोजगार कोण देतं, लहान उद्योग की मोठे? १९७९ मध्ये अमेरिकेत संशोधक डेव्हिड बर्च यांनी लहान उद्योगांच्या बाजूनं कौल दिला. पुढे तिथलेच अर्थतज्ज्ञ हाल्टीवांगर आणि सहकाऱ्यांनी उद्योगाचं वयही तपासलं. नवे रोजगार आकारामुळे नाही, तर उद्योग नवा असल्यामुळे येतात, असं दिसलं. आपल्याकडे २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीनं संघटित कारखान्यांचा हिशेब मांडला. दहा वर्षं उलटूनही शंभर कामगारांच्या आत राहिलेले कारखाने संख्येनं निम्मे, पण त्यांच्याकडे रोजगार जेमतेम १४ टक्के. मोठ्यांकडे तीन चतुर्थांश.

म्हणून नुसतं 'लहान' म्हणून कौतुक पुरत नाही. लहान उद्योग वाढला पाहिजे. आणि मोठा प्रकल्प येईल म्हणून आम्ही विदर्भातली माणसं किती वर्षं वाट पाहणार? तोवर पोरं बॅग उचलून पुण्याची गाडी धरतात.

शेड उभी करायला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळतं, महिला आणि इतर विशेष प्रवर्गांना ३५ टक्के. खरी अडचण पुढे आहे. तूर येते एकदम, दोन-तीन महिन्यांत. तेव्हा ती विकत घेऊन ठेवायला रोख पैसा लागतो. तो नसला, तर माल व्यापाऱ्याकडे जातो आणि यंत्र उन्हाळ्यातच थांबतं. नेमकं ऊन कडक असतं, डाळ वाळायला सगळ्यात चांगलं, तेव्हाच.

शेडच्या कोपऱ्यात आज अकरा पोती उरली आहेत. ताडपत्री गुंडाळताना त्या दोघी तिकडे बघतात. उद्या यायचं की नाही, ते त्यावरून ठरतं.