पटनीचा वाद : राज्य कोणाच्या संमतीने?

राजसत्ता, धर्म आणि समाज यांविषयीच्या कल्पना सतराव्या शतकात बदलल्या असे आपण एका दमात म्हणून जातो. प्रत्यक्षात त्या कोणाच्या तोंडून, कोणत्या खोलीत आणि कशाच्या निमित्ताने बदलल्या, हे क्वचितच सांगता येते. एका प्रसंगापुरते मात्र ते बरेच नेमके सांगता येते. १६४७ च्या ऑक्टोबरअखेर लंडनजवळ थेम्सकाठच्या पटनी गावात पार्लमेंटच्या सैन्याची सभा भरली. सेनापती फेअरफॅक्स आजारी असल्यामुळे अध्यक्षस्थानी त्याचा दुय्यम सेनानी क्रॉमवेल होता, आणि विल्यम क्लार्क नावाचा तरुण चिटणीस लघुलिपीत बोलणे टिपून घेत होता. आजची सगळी चर्चा त्या टिपणांभोवती आहे.

त्याआधी थोडे मागे जायला हवे. १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यातल्या परिषदेत इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने ‘बिशप नाही, तर राजा नाही’ असे चार शब्दांत सांगून टाकले होते. राजाला अधिकार देवाकडून मिळतो, ही गोष्ट दर रविवारी गावोगावच्या व्यासपीठावरून लोकांच्या कानी घालणारी यंत्रणा म्हणजे बिशपांचे चर्च, हे त्याने अचूक ओळखले होते. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याने १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादले, तेव्हा एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल झाली. दंगलीतून युद्ध उभे राहिले, युद्धाला पैसा लागला, आणि अकरा वर्षे न बोलावलेले पार्लमेंट राजाला १६४० मध्ये बोलावावे लागले. पुढच्याच वर्षी स्टार चेंबर हे न्यायालय रद्द झाले आणि छपाईवरचा जुना पहारा ढिला पडला. जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने पुढच्या वीस वर्षांत जमवलेली पत्रके, पुस्तिका आणि वृत्तपत्रे बावीस हजारांच्या घरात जातात.

आधुनिक राजकीय विचार धर्म बाजूला सारल्यावर जन्माला आला, असे आपल्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला शिकवले आहे. मला ते पटत नाही. चर्चच्या चौकटीबाहेर स्वेच्छेने जमणाऱ्या मंडळ्या या काळात वाढल्या. त्यांचे सभासद आपला धर्मोपदेशक आपणच निवडत, आपसांत करार करून मंडळी स्थापन करत आणि न पटल्यास बाहेर पडत. जो चांभार किंवा विणकर रविवारी आपला उपदेशक निवडतो, त्याने सोमवारी आपला राज्यकर्ता का निवडू नये, हा प्रश्न त्याच्या मनात यायला तत्त्वज्ञानाचा अभ्यास लागत नव्हता. अशी कितीतरी माणसे या सैन्यात होती.

अर्थात ठिणगी पडली ती पगारावरून. राजा आणि पार्लमेंट यांच्यात पेटलेल्या यादवी युद्धात राजाचा पराभव झाल्यावर पार्लमेंटने थकबाकी न चुकवताच सैन्य मोडायचे आणि काही तुकड्या आयर्लंडला धाडायच्या ठरवले. घोडदळाचा पगार तर चाळीसहून अधिक आठवडे थकला होता. तेव्हा शिपायांनी पलटणीपलटणींतून आपले प्रतिनिधी निवडले, आणि थकलेल्या पगाराचा अर्ज बघता बघता राज्यघटनेच्या मसुद्यापर्यंत गेला. या मसुद्याचे नाव होते ‘लोकांचा करार’. दर दोन वर्षांनी निवडणूक व्हावी आणि धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करण्याचा अधिकार पार्लमेंटलाही नसावा, असे त्यात म्हटले होते.

२९ ऑक्टोबरला सकाळी प्रार्थना झाली आणि मग मताधिकाराच्या कलमावर वाद पेटला. कर्नल रेन्सबरो म्हणाला की, इंग्लंडातल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत थोर माणसाइतकेच जगायला आयुष्य आहे. म्हणून ज्याला एखाद्या राजवटीखाली राहायचे आहे, त्याने आधी स्वतःच्या संमतीने तिच्याखाली आले पाहिजे. त्याला उत्तर दिले क्रॉमवेलचा जावई आयर्टन याने. ज्याचा या राज्यात कायमचा, स्थिर हितसंबंध नाही, त्याला राज्यकारभारात वाटा नाही, असे त्याचे म्हणणे होते. वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यालाच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मत, हा नियम १४३० पासून चालत आला होता. आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यातला वंशपरंपरेने जमीन धारण करणारा मिरासदार आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा उपरी यांच्यातला फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आयर्टन चटकन कळेल. त्याला केवळ हटवादी म्हणणे अन्यायाचे होईल. निसर्गदत्त हक्काने मत मागता, तर त्याच हक्काने उद्या माझी जमीनही मागाल, तेव्हा थांबणार कुठे, हा त्याचा प्रश्न होता आणि रेन्सबरोला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. सेक्सबी या शिपायांच्या प्रतिनिधीने मात्र सरळ विचारले की, जमीन नसलेल्या हजारोंनी जीव धोक्यात घातले, ते आपल्या जन्मसिद्ध हक्कांसाठी नव्हते, तर मग कशासाठी?

मताधिकार वाढवू पाहणाऱ्यांची मर्यादाही त्याच चर्चेत दिसते. त्यांच्यातल्याच पेटी नावाच्या एकाने मान्य केले की, नोकर, शिकाऊ कारागीर आणि भिक्षेवर जगणारे यांना मत नको, कारण ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतात. स्त्रियांचा तर विषयही निघाला नाही.

११ नोव्हेंबरला सैन्याच्या नजरकैदेत असलेला राजा हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातून निसटला आणि वादाला जागाच उरली नाही. चारच दिवसांनी वेअरजवळच्या संचलनात काही पलटणींचे शिपाई ‘लोकांचा करार’ टोपीत खोचून आले, तेव्हा तिथल्या तिथे एका शिपायाला गोळी घालण्यात आली. १६४९ च्या ३० जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला. वधस्तंभावरूनही चार्ल्सने सांगितले की, लोकांचे स्वातंत्र्य म्हणजे कायद्याने चाललेले राज्य असणे; राज्यात वाटा असणे नव्हे. त्याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर आयर्टनची सही आहे. राजाला मारणारा आयर्टन आणि मरणारा राजा, मताधिकाराच्या प्रश्नावर दोघांत फारसे अंतर नव्हते!

क्लार्कने आपली लघुलिपी स्वच्छ अक्षरांत उतरवली ती १६६२ च्या सुमारास. तोवर मारलेल्या राजाचा मुलगा गादीवर आला होता. त्याच वर्षी त्याचे पोर्तुगीज राजकन्येशी लग्न झाले, ज्यात आपली मुंबई आंदण गेली. राजवधाच्या गुन्ह्यासाठी क्लार्कचे जुने सहकारी फासावर जात होते आणि तो स्वतः नव्या राजाचा युद्धखात्याचा सचिव होता. तरीही त्याने रेन्सबरोचे वाक्य गाळले नाही. मुलाने ते कागद ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजला दिले आणि १८९० च्या आसपास चार्ल्स फर्थ या इतिहासकाराच्या हाती लागेपर्यंत ते तिथल्या ग्रंथालयात पडून राहिले.