आधी नऊ काढायचा की आधी शून्य लावायचा?

गेटवे म्हणजे ऑफिसातले फोन बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी; दाबलेला नंबर ती ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे बदलून बाहेर पाठवते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून मला फोन आला, "साहेब, तुमचा गेटवे बसवल्यापासून मोबाइलला फोन लागत नाहीत. म्हणजे काही लागतात, काही नाही." हे 'काही लागतात' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. एकही लागत नसेल तर कुठलीतरी वायर निघालेली असते. काही लागत नसतील, तर चूक कुणीतरी डोकं चालवून केलेली असते. इथं डोकं माझंच चाललं होतं.

तिथं जुन्या ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजची सवय, बाहेर फोन लावायचा तर आधी ९ दाबायचा, मोबाइल असेल तर ९नंतर शून्यही. म्हणून मी गेटवेत पहिला नियम टाकला: नंबर ९ने सुरू झाला तर पहिला आकडा काढून टाक. दुसरा नियम: दहा आकडी मोबाइल असेल तर पुढे ० लाव. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१पासून शून्य लावावाच लागतो ना!

अकाउंट्समध्ये नवीन आलेली मुलगी मात्र ९ न दाबता थेट मोबाइल नंबर फिरवायची. ७ने, ८ने सुरू होणारे नंबर दुसऱ्या नियमात बसायचे, शून्य लागून बाहेर पडायचे. ९८ने सुरू होणारा पहिल्याच नियमात सापडायचा. त्याचा ९ जायचा, उरायचे नऊ आकडे, आणि ते कुणाचेच नसायचे. त्या मशीनमध्ये नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की खालचे बघितलेच जात नाहीत. मी फक्त दहा आकड्यांचा नियम उचलून वर ठेवला. दोन मिनिटांचं काम, शोधायला मात्र अख्खी दुपार गेली. सगळ्याच कंपन्यांची मशीनं अशी वागत नाहीत बरं का. काहींत बदललेला नंबर पुढच्या नियमाकडेही जातो. तेव्हा मॅन्युअलचं तेवढं पान वाचाच.

यापेक्षा भयंकर चूक म्हणजे आळसानं 'आकडे कितीही असोत, शून्य लाव' असं लिहिणं. मग ११२चं होतं ०११२. ०११ हा दिल्लीचा एसटीडी कोड. इथं आग लागलेली, आणि एक्स्चेंज दिल्लीच्या नंबराचे उरलेले आकडे यायची वाट बघत बसलेलं! म्हणून ११२, १००, १०१, १०८ यांच्यासाठी 'काहीही बदलू नको' हा नियम सगळ्यात वर.

येणाऱ्या कॉलकडे तर कुणी बघतच नाही. लाइनवरून कॉलर आयडी बरेचदा शून्याशिवाय दहा आकडी येतो, काही ठिकाणी पुढे ९१ लावून. ते ९१ तसंच राहिलं तर मिस्ड कॉलवर बोट दाबून उलटा फोन लागत नाही. याची तक्रारही येत नाही. टेबलापाशी जाऊन बघा: फोनशेजारी पाठकोरा कागद असतो, त्यावर पेन्सिलीनं नंबर उतरवलेले असतात, प्रत्येकातलं ९१ खोडून.