पाण्याची रेघ

(दृश्य : फुटाळा तलाव, संध्याकाळ)

नागपूरकराच्या रोजच्या बघण्यातलं पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर. मुंबईचा किनारा इथून आठशे किलोमीटरच्याही पलीकडे. मग समुद्रावरची लढाई त्याला दाखवायची कशी? जमिनीवरच्या विजयात जिंकलेले रणगाडे तरी दाखवता येतात. समुद्रात जहाज बुडालं की वर पाणीच उरतं. ती उणीव व्यंगचित्राने भरून काढली.

(दृश्य : नेल्सन आणि मगरी)

१ ऑगस्ट १७९८ रोजी इजिप्तमध्ये नाईल नदीच्या मुखाशी ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने फ्रेंच आरमार मोडलं. बातमी लंडनला पोचली २ ऑक्टोबरला, आणि इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या चित्रावर तारीख आहे ६ ऑक्टोबर! नेल्सन पाण्यात उभा राहून मगरींना, म्हणजे फ्रेंच जहाजांना, सोटा हाणतोय. त्याचा उजवा हात आदल्याच वर्षी गेलेला. गिलरेने तो उणेपणा लपवला नाही. तिथे लोखंडी आकडा काढला आणि मगरी त्यालाच अडकवल्या. धीर द्यायचा तो असा. छाप उलटा उमटतो, म्हणून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरंही उलटी कोरावी लागत. रंग मात्र हाताने भरायचे.

(दृश्य : जस्ताचा ब्लॉक, अगदी जवळून)

वर्तमानपत्रं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छापली जात, तेव्हा व्यंगचित्र जस्ताच्या ब्लॉकवरून छापलं जाई. मूळ चित्र दीडपट-दुप्पट मोठं, काळ्याभोर शाईत. कॅमेऱ्याने ते लहान करून पत्र्यावर उतरवायचं आणि पत्रा नायट्रिक आम्लात सोडायचा. रेघांच्या कडा आम्लापासून वाचाव्यात म्हणून त्यांना राळेची पूड लावून, तापवून, पुन्हा आम्लात. हे तीन-चार वेळा. पूड नीट बसली नाही तर आम्ल रेघेखाली शिरतं आणि बारीक रेघ छपाईत तुटते.

समुद्र बिघडतो तो इथेच. लाटांसाठी दाट जाळी विणली, तर खरखरीत कागदावर शाई भरून पाण्याचा डांबरी रस्ता होतो. म्हणून पाणी कोरं ठेवायचं, जाड रेघा चार-पाचच, आणि जहाज भरीव काळं.

(दृश्य : क्षेपणास्त्र नौकेची आकृती)

भारत-पाकिस्तान युद्धात, ४ डिसेंबर १९७१च्या रात्री, निपात, निर्घात आणि वीर या आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या. एकेक नौका जेमतेम ३९ मीटरची, म्हणजे आपल्या तीन सिटी बस एकामागे एक. निर्घातने बुडवलेली पाकिस्तानी विनाशिका खैबर लांबीला तिच्या जवळपास तिप्पट. खैबरवरच्यांना तर हल्ला विमानाचाच वाटला. हे चित्रात आणायचं तर दोन्ही जहाजं एकाच मापाने काढायला हवीत. आपली नौका उगाच मोठी केली की सगळा पराक्रमच पुसला जातो.

पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. इथे मगर नको, सोटा नको. पाण्याची एकच रेघ ओढायची, वर जहाज काढायचं नाही. आणि ती रेघ जाड हवी, आम्लात तुटता कामा नये.