राख खानापुरात चालते, अथणीत नाही

हे पान बघा. जास्वंदीचं आहे, शेंड्याकडचं, कोवळं. सगळं पान पिवळं पडलंय पण शिरा तेवढ्या हिरव्यागार, कुणी हिरव्या पेनानं जाळी काढल्यासारख्या. खालची जुनी पानं मात्र ठीक आहेत. आपल्या बेळगाव जिल्ह्यात अथणी म्हणा, रायबाग म्हणा, कृष्णाकाठच्या काळ्या रानातल्या कुठल्याही गावात जावा, एखाद्या तरी परड्यात असलं झाड दिसतंयच, आणि घरातली बाई सांगते की शेणखत घातलं, पाणी रोज घालते, तरी हे पिवळंच. मग शेजारच्या काकू म्हणतात, अगं बंबातली राख घाल की थोडी.

आणि तिथंच गडबड होते.

या पानाला लोह कमी पडलंय. मातीत लोह नाही असं नाही, भरपूर आहे, पण मातीचा पीएच, म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा, वर गेला की ते लोह मातीतच अडकून बसतं, पाण्यात विरघळत नाही, मुळांना उचलताच येत नाही. लाकडाची राख पीएच अजून वर नेते. म्हणजे काकूंचा सल्ला मायेचा, पण या मातीला उलटा. आणि गंमत बघा, हीच राख खानापूर तालुक्यातल्या लाल मातीत बेतानं टाकली तर कामाला येते. म्हणून आमचं एकच म्हणणं आहे, आधी माती तपासा आणि मग काय ते घाला.

पीएच, म्हणजे शेतकी पुस्तकात ज्याला सामू म्हणतात तो, ही ० ते १४ अशी पट्टी आहे. ७ म्हणजे मध्य, त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. १९०९ साली सोरेनसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही पट्टी मांडली, आणि ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती. यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, एक आकडा सरकला की फरक दहापट होतो. ६ ची माती ८ च्या मातीपेक्षा शंभरपट आम्ल असते. म्हणून रिपोर्टात साडेसहा आहे की साडेआठ याला फार अर्थ आहे. बहुतेक भाज्या आणि फुलझाडं ६ ते साडेसातच्या मधी खुश असतात.

आता आपल्याच जिल्ह्यात एवढा फरक का? खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं अथणीच्या कितीतरी पट पाऊस पडतो. वर्षानुवर्षं तो पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि मागं उरतं लोह नि अॅल्युमिनियम, म्हणून जांबोटीकडची माती लाल, जांभ्याची आणि आम्ल. पूर्वेला पाऊस कमी, चुना धुऊन जात नाही, काळ्या मातीत खणलं की चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. बेळगाव शहर या दोन्हीच्या मधी, त्यामुळं इथं अंदाजावर चालतच नाही. त्यात नवीन घर असेल तर बांधकामाचा राडारोडा परड्यातच पुरलेला असतो, सिमेंटमुळं भिंतीलगतचा पीएच वर गेलेला असतो आणि तुळस लावली की ती का बसत नाही ते कळत नाही.

सॅम्पल कसं काढायचं बघा. खताच्या ढिगाजवळ नको, झाडाच्या सावलीत नको, काल युरिया टाकलाय तिथं तर नकोच. वरचा पालापाचोळा बाजूला करा, व्ही आकाराचा खड्डा वीतभर खोल घ्या आणि खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. असं आठ-दहा ठिकाणी करायचं, सगळं एकत्र कालवायचं, खडे-मुळं काढायची आणि सावलीत वाळवायचं.

घरच्या घरी बघायचं असेल तर वाळलेली चाळलेली माती २० ग्रॅम, पाणी ५० मिली. पाणी नळाचं किंवा बोअरचं नको, त्यात क्षार असतात. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आणा, पण बॅटरीचं अॅसिड नव्हे हं, ते वेगळं, बाटली वाचून घ्या. काचेच्या ग्लासात मधून मधून ढवळत अर्धा तास ठेवा, वरचं पाणी निवळू द्या, त्यात पीएच पट्टी बुडवा आणि रंग तक्त्याशी ताडून बघा. लिटमस कागद आणू नका, तो आम्ल का अल्क एवढंच सांगतो, आकडा सांगत नाही. आणि ते दोन काट्यांचे स्वस्त मीटर, मातीत खुपसायचे, त्यांच्यावर आमचा अजिबात भरवसा नाही.

काळ्या मातीवाल्यांनी अजून एक करून बघा, वाळक्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे समजा. अशा मातीत लिंबू पिळून, चहाचा चोथा टाकून पीएच उतरत नाही, घातलेलं आम्ल तो चुना आधी खाऊन टाकतो. गंधक घालता येतं पण ते मातीतल्या जिवाणूंकडून हळूहळू बदलतं, महिने लागतात, आणि चुनखडी जास्त असेल तर तेही पुरत नाही. त्यापेक्षा कंपोस्ट भरपूर घाला, जास्वंद-एक्झोरासारखी झाडं लाल माती आणून मोठ्या कुंडीत लावा, पिवळ्या पानाला चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न बसणारं लोह, द्या. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीतल्या मातीचाही पीएच हळूहळू चढतो, म्हणून पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच.

खानापूरकडं उलटं. तिथं साडेपाचच्या खाली आकडा आला तर अॅल्युमिनियम मुळांना त्रास देतं, स्फुरद अडकतं. शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची बारीक पूड, लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा. ताजं शेण किंवा युरिया त्याच दिवशी नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. किती घालायचा ते माती हलकी की भारी यावर ठरतं, म्हणून इथं लॅबचा रिपोर्ट पाहिजेच.

त्यासाठी जवळच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यालयात, विचारा, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. माती तपासणीच्या रिपोर्टचं कार्ड कन्नडमध्ये मिळालं तर घाबरू नका, रससार लिहिलंय त्याच्या पुढचा आकडा तोच आपला पीएच, बाकीचं घरातली शाळेत जाणारी पोरं वाचून दाखवतील. चुना किंवा गंधक जे काय घातलंय त्यानंतर एक पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळी झाली की परत त्याच जागेचं, तेवढ्याच खोलीचं सॅम्पल काढा, नवीन रिपोर्ट जुन्या कार्डाला टाचून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी किती घालायचं ते दोन आकडे शेजारी ठेवून ठरवता येईल.