खोक्यावरचे आकडे आणि खोलीतला ट्रेनर

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आला की आपल्या सायकलवाल्यांत एकच प्रश्न फिरायला लागतो, कोणता स्मार्ट ट्रेनर घेऊ? म्हणजे घरात एका जागी सायकल चालवायचं, ॲपच्या हुकमानं पेडल जड-हलकं करणारं यंत्र. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक तक्ता असतो. जास्तीत जास्त जोर २२०० वॉट, भासवता येणारा चढ २० टक्के, वॉट मोजण्याची अचूकता अधिक-उणे १ टक्का. शेजारच्या रकान्यात १८०० वॉट, १६ टक्के, अधिक-उणे २ टक्के. मधल्या फरकाचे पंधरा-वीस हजार द्यावेत की नाही, यावर चर्चा रंगते. मी आज या तक्त्याच्या विरुद्ध बोलायला आलोय. त्यातले आकडे खोटे नाहीत, पण आपल्या कामाचे फार थोडे आहेत.

आधी वॉट बघू. समजा तुम्ही ७० किलोचे आहात, सायकल आणि बाटल्या मिळून १० किलो. १० टक्क्यांच्या चढावर ताशी ८ किलोमीटरने चढताय. नुसतं वजन वर न्यायला साधारण १७५ वॉट लागतात, रस्त्याचं घर्षण वगैरे धरून दोनशेच्या आसपास. सिंहगडाच्या वळणांवर आपली जीभ बाहेर येते ती एवढ्यावरच. जीव खाऊन मारलेल्या काही सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये आपल्यासारखा हौशी माणूस आठशे-हजारापर्यंत जातो. म्हणजे १८०० ची मर्यादासुद्धा आपल्या डोक्यावरून जाते. त्याच्या वरच्या चारशे वॉटचे पैसे कशाला भरायचे?

चढाचंही तसंच. ट्रेनरवर २० टक्क्यांचा चढ म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही, फक्त पेडल जड होतं. त्यातही झ्विफ्ट या घरात सायकल चालवायच्या ॲपमध्ये ‘ट्रेनर डिफिकल्टी’ नावाची पट्टी असते आणि ती मुळातच निम्म्यावर लावलेली येते. पडद्यावर १६ टक्के दिसले तरी पायाला आठच लागतात. वेग ठरतो तुमच्या वॉटवर आणि वजनावर, त्यामुळे यात फसवणूक काही नाही. गिअर थोडे कमी बदलावे लागतात इतकंच.

अचूकतेबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलतो. २०० वॉटवर २ टक्के म्हणजे ४ वॉट. रात्री झोप नीट झाली नाही तर याहून जास्त फरक पडतो. जिथे हा फरक खरोखर मोजावा लागतो अशी जागा आहे, नाही असं नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेची पहिली ई-सायकलिंग (ट्रेनरवरच्या ऑनलाइन शर्यतीची) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा सगळ्या स्पर्धकांना एकाच मॉडेलचे ट्रेनर दिले होते. पुरुषांत जिंकला जेसन ऑसबोर्न, मुळात जर्मनीचा वल्हेपटू! जगज्जेत्याच्या इंद्रधनुषी जर्सीचा प्रश्न असेल तर एकेक टक्का तपासा. आपल्याला हवं ते एवढंच की आजचे २०० वॉट आणि पुढच्या महिन्यातले २०० वॉट सारखे असावेत.

आणि खरा निर्णय इथे येतो. मागचं चाक तसंच ठेवून टायर रोलरवर दाबणारा ट्रेनर घ्यायचा, की चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरचक्रांच्या संचावर) चढवायचा डायरेक्ट ड्राइव्ह? पहिल्या प्रकारात टायरची हवा, रोलरचा दाब, टायर किती तापलाय, या सगळ्यानं आकडा हलतो. दहा मिनिटं चालवून, गरम करून कॅलिब्रेशन (मापाची जुळवणी) करावं लागतं, आणि ते कंटाळून कोणीच करत नाही. शिवाय हळू वेगात जड चढ आला की टायर सरकतो, रोलरला पुरेसा विरोध देता येत नाही. एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) गुठळ्यांचा टायर तर चालतच नाही. घरात तीन जणांच्या तीन वेगळ्या सायकली असतील आणि त्या सतत बदलायच्या असतील, तर मी म्हणेन हाच घ्या. एरवी माझं मत स्पष्ट आहे: नव्या रोलरवाल्यापेक्षा नीट राखलेला जुना डायरेक्ट ड्राइव्ह चांगला.

पण तो घेण्याआधी आपल्या सायकलकडे खाली वाकून बघा. मागे किती गिअर आहेत? आपल्याकडच्या पुष्कळ हायब्रिड सात गिअरच्या असतात, आणि ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, ८ ते ११ गिअरच्या कॅसेटसाठी असतो. सात गिअरची कॅसेट साडेचार मिलिमीटरचा स्पेसर (सपाट कडी) घालून बसवता येते, ११ वाल्या लांब फ्रीहबवर आणखी १.८५ मिलिमीटरचा. दुकानदार हे स्वतःहून सांगेलच असं नाही. मागचा एक्सल (चाकाचा आस) खटक्यानं सुटणारा क्विक रिलीज आहे की आरपार जाणारा थ्रू एक्सल, १४२ मिलिमीटरचा की १४८ चा, तेही बघा आणि अडॅप्टर खोक्यात येतो का विचारा. कार्बन फ्रेम असेल तर ती ट्रेनरवर लावायला कंपनीची परवानगी आहे का, हे तिच्या माहितीपुस्तिकेत वाचा.

आता ज्याला तक्त्यात रकानाच नसतो ती गोष्ट. उष्णता.

शरीर काही फार कार्यक्षम यंत्र नाही. खर्च झालेल्या शक्तीतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलवर पोचतो, बाकीची उष्णता होते. पेडलवर २०० वॉट देताना तुम्ही सहाशे ते आठशे वॉटची उष्णता खोलीत सोडत असता. बंद खोलीत हीटर लावून त्याच्यासमोर व्यायाम करण्यातला हा प्रकार आहे. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरचा वारा ती उष्णता उचलून नेतो. खोलीत तो वारा नसतो. जुलैत मुंबईत, कोकणात हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि न वाळणाऱ्या घामानं शरीर थंड होत नाही. मग पंधराव्या मिनिटाला हृदयाचे ठोके चढतात, वॉट उतरतात, आणि माणूस म्हणतो की ट्रेनरवर मला जमत नाही. सीलिंग फॅनचं हे काम नाही. छातीवर थेट झोत टाकणारा मोठा पेडेस्टल फॅन हवा. एसी हवा कोरडी करतो, ते चांगलंच, पण झोत टाकत नाही, म्हणून एसी असला तरी पंखा हवाच. बजेट ठरवताना पंखा आधी लिहा, ट्रेनर नंतर. घाम खारट असतो, हँडलच्या टेपखाली आणि स्टेमच्या बोल्टवर गंज धरतो. टॉवेल टाका आणि उतरल्यावर पुसून घ्या, आळस करू नका.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. डायरेक्ट ड्राइव्ह स्वतः फारसा वाजत नाही, ऐकू येते ती चेन. खालच्या मजल्यावर त्रास होतो तो स्लॅबमधून जाणाऱ्या कंपनाचा. जाड रबरी मॅट घ्या आणि पहाटे साडेपाचला सुरू करणार असाल तर खालच्या काकांशी आधी बोलून घ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघण्यापेक्षा ते बरं.

विजेचा मुद्दा शहरात कोणाच्या लक्षात येत नाही. तालुक्याच्या गावी ऐन संध्याकाळी वीज गेली की बहुतेक ट्रेनर हुकमी विरोध देणं थांबवतात. टॅक्स कंपनीचा निओ ट्रेनर याला अपवाद. तो तुमच्या पेडलमधूनच आपली वीज बनवतो. भारनियमन होत असेल तिथे त्याची जास्तीची किंमत मला योग्य वाटते.

फोन-लॅपटॉपशी बिनतारी जोडणीसाठी एएनटी प्लस एफई-सी आणि ब्लूटूथ एफटीएमएस या दोन्ही पद्धतींची नावं आहेत का बघा. लॅपटॉपला ट्रेनर सापडत नसेल तर आधी मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. पुष्कळदा फोननं ती एकुलती जोडणी पकडून ठेवलेली असते. ॲपचं मासिक भाडं जड वाटत असेल तर मायवूश हे ॲप फुकट आहे, आणि २०२४ ची ई-सायकलिंग जागतिक स्पर्धा त्याच्यावरच झाली.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, अमेरिकेहून भाऊ येतोय, आणायला सांगू का? वजन अठरा ते बावीस किलो, म्हणजे त्याची एक अख्खी बॅग गेली. कस्टम्समध्ये थांबवलं तर शुल्क भरायची तयारी ठेवा. वॉरंटी बहुतेक वेळा जिथे विकत घेतला त्या देशापुरती असते, आणि बेल्ट किंवा बेअरिंग वाजायला लागलं तर बावीस किलोचं धूड परत पाठवण्याचा खर्च तुमचा. इथल्या विक्रेत्याची किंमत जास्त असेल, पण मी इथूनच घेईन. भावाला त्याऐवजी कॅसेट आणि अडॅप्टर आणायला सांगा, ते मोज्यात मावतात.