रिसोर्स हॅकर वापरून जुन्या सॉफ्टवेअरचे मेनू आणि मेसेज मराठीत कसे करायचे

नमस्कार मंडळी! आज बघूया रिसोर्स हॅकर. अँगस जॉन्सन यांनी बनवलेलं विंडोजचं फुकट टूल आहे, साइज एकदम कमी, आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, हातात नसला तरी प्रोग्रॅमचे मेनू, बटणं, मेसेज, आयकॉन यात बदलता येतात. दुकानात, छोट्या ऑफिसात कितीतरी जुनी सॉफ्टवेअर चालू असतात आणि काउंटरवर बसलेल्या माणसाला इंग्रजी मेसेज कळला नाही की तो अंदाजाने ओके दाबतो, म्हणून मला हे टूल फार महत्त्वाचं वाटतं.

तर ईएक्सई फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फाइलने चालू होतो तिच्यात, कोड वेगळा असतो आणि मेनू, डायलॉग, आयकॉन, मेसेजची वाक्यं वेगळ्या भागात असतात, त्याला रिसोर्स सेक्शन म्हणतात. आपण फक्त तिथेच हात घालणार. आणि आधी एक सांगतो, स्वतःच्या कंपनीने बनवलेलं किंवा ज्याचं लायसन्स बदल करू देतं असंच सॉफ्टवेअर घ्या, आणि ओरिजिनलला हात न लावता डेस्कटॉपवर कॉपी करून त्या कॉपीवर काम करा.

रिसोर्स हॅकरमध्ये ती कॉपी उघडली की डावीकडे यादी येते. मेनू उघडा, खाली १०३३ असा आकडा दिसेल, तो अमेरिकन इंग्रजीचा कोड आहे, मराठीचा ११०२, पण सध्या तो तसाच राहू दे. उजवीकडे स्क्रिप्ट दिसते. अवतरण चिन्हांच्या आतला मजकूर बदलायचा, त्यापुढचे आयडीचे आकडे अजिबात नाही, कारण कोड त्या आकड्यावरूनच ओळखतो की कुठलं बटण दाबलं गेलं.

मजकुरात मध्येच अँडचं चिन्ह (&) असतं, ते ऑल्ट दाबून मेनू उघडण्यासाठी. ते मराठी अक्षराच्या आधी लावलं तर इंग्रजी कीबोर्डवरून दाबताच येणार नाही, म्हणून मराठी नाव लिहून शेवटी कंसात अँडचं चिन्ह आणि जुनंच इंग्रजी अक्षर ठेवायचं. झालं की एफ५ दाबून कंपाइल करा, म्हणजे बदल पक्का होतो, आणि वेगळ्या नावाने सेव्ह.

आता स्ट्रिंग टेबल, म्हणजे डाव्या यादीतला मेसेजचा भाग, इथे खरी मजा आहे. मेसेज सोळा-सोळाच्या गठ्ठ्यात असतात, आणि त्यात टक्क्याचं चिन्ह आणि पुढे डी किंवा एस (%d, %s) असं दिसेल, तिथे प्रोग्रॅम चालताना आकडा किंवा नाव भरलं जातं. समजा इंग्रजीत '२० ऑफ १०० फाइल्स कॉपीड' असा मेसेज आहे. आपण सवयीने 'पैकी' घालतो, पण मराठीत एकूण आकडा आधी येतो, १०० पैकी २०, आणि प्रोग्रॅम मात्र जुन्याच क्रमाने भरणार, म्हणजे स्क्रीनवर '२० पैकी १०० फाइल्स' येणार! त्यामुळे वाक्यच फिरवायचं, 'इतक्या फाइल्स झाल्या, एकूण इतक्या'. डी आणि एसची अदलाबदल झाली तर प्रोग्रॅम क्रॅश सुद्धा होऊ शकतो, तिथे घाई नको.

सगळं नीट केलं तरी मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, असं का? बरेच जुने प्रोग्रॅम युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्या एकत्र चालणाऱ्या पद्धतीचे, नसतात; ते कोड पेजवर, म्हणजे एका लिपीच्या अक्षरांच्या तक्त्यावर चालतात, आणि त्यांना वापरता येईल असं देवनागरीचं कोड पेज विंडोजमध्ये नाहीच. म्हणून कधी मेनू मराठीत छान दिसतो आणि मेसेजमध्ये नुसती प्रश्नचिन्हं. डेल्फी हे प्रोग्रॅम बनवायचं एक टूल आहे, त्यात २००९ च्या व्हर्जनपासून युनिकोड आलं, त्याआधीच्या प्रोग्रॅममध्ये रिसोर्स बदलून हा प्रॉब्लेम सुटत नाही, उगाच वेळ घालवू नका.

डेल्फीचे फॉर्म, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या, डाव्या यादीतल्या आरसीडेटामध्ये मजकूर म्हणून उघडतात, तिथे कॅप्शन (बटणावर किंवा खिडकीवर दिसणारं नाव) शोधा. व्हिज्युअल बेसिक ६ किंवा डॉट नेट या दुसऱ्या टूल्सनी बनवलेला प्रोग्रॅम असेल तर फॉर्म यात दिसणारच नाहीत, आयकॉन आणि व्हर्जन तेवढं दिसेल. आणि फाइल यूपीएक्सने (ईएक्सई लहान करणारं एक टूल) कॉम्प्रेस केलेली असेल तर आधी यूपीएक्सनेच ती मोकळी करावी लागते.

फाइलवर डिजिटल सही, म्हणजे ती कोणी बनवली आणि नंतर बदलली नाही याची खूण, असेल तर बदलानंतर ती सही चालत नाही, विंडोज किंवा अँटिव्हायरस वॉर्निंग देऊ शकतो. म्हणून बदललेली ईएक्सई कोणाला पाठवताना काय बदललंय ते स्पष्ट सांगा, आणि विंडोजच्या सिस्टिम फाइल्सवर हे करूच नका.

शेवटी प्रत्येक डायलॉग उघडून बघा. मराठी मजकूर कधी बटणाबाहेर जातो, कधी वरच्या वेलांट्या कापल्या जातात, मग डायलॉगच्या स्क्रिप्टमध्ये रुंदी-उंचीचे आकडे वाढवा, फॉन्ट निर्मला यूआय करून बघा, विंडोज ८ पासून तो आलेलाच असतो. तुमचा प्रोग्रॅम कशात बनवलाय आणि कुठे अडलंय ते कॉमेंटमध्ये लिहा, एरर असेल तर तिचा पूर्ण मजकूर टाका म्हणजे बघता येईल.