तुकडी मोडणारं भूत

(ग्रंथपाल दिनानिमित्त शालेय ग्रंथपालांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या कपाट-चावीवाल्या बहीणभावांनो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘शालेय ग्रंथालयातील विषयाधारित उपक्रम : नियोजन आणि अंमलबजावणी’. हे शीर्षक माझं नाही. फोनवर मी ‘भुतांबद्दल बोलते’ एवढंच म्हटलं होतं. पलीकडं जरा वेळ शांतता पसरली आणि मग पत्रिका आली ती ही अशी. हरकत नाही. नियोजन आणि अंमलबजावणी शेवटी सांगते, वेळ उरला तर.

आज १२ ऑगस्ट, आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा दिवस. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा हा गणिताचा प्राध्यापक काही दिवसांतच कंटाळला होता आणि मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागं लागला होता. ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. आपल्यातले कितीतरी जण मुळात चित्रकलेचे, पीटीचे, आणि वर ‘ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार’. कंटाळा आला तर अपराधी वाटून घेऊ नका, मोठ्यांची परंपरा आहे.

पुढं १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. ते तुम्हाला पाठ आहेत, मी म्हणून दाखवत नाही. चौथा तेवढा आठवा : वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाचा म्हटलंय, श्रोत्याचा नाही, त्यामुळं मी निर्धास्त आहे. पण पाचही नियम चाळून बघा, एका वाचकाची दुसऱ्या वाचकाशी गाठ घालून द्या असं कुठंही नाही. त्यांना ती गरज भासली नसेल. त्यांच्याकडं सेमीची तुकडी नव्हती.

हसलात म्हणजे दुखणं ओळखीचं आहे. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत ‘अ’ म्हणजे सेमी, ‘ब’ म्हणजे सेमीत थोडक्यासाठी राहिलेले आणि ‘क’ म्हणजे उरलेले. कागदावर असं कुणी लिहीत नाही, पण पाचवीतलं पोरगंसुद्धा जाणतं. पाचवीत पडलेली ही फाळणी दहावीपर्यंत टिकते. डबे वेगळे, नळावरची रांग वेगळी, गॅदरिंगला नाचसुद्धा तुकडीवार. एका गल्लीत राहणारी दोन पोरं शाळेच्या फाटकात शिरली की एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. आणि आपण काय करतो? ग्रंथालयाचा तासही तुकडीलाच देतो. ‘अ’ला बुधवारी पाचवा तास. ‘क’ला शुक्रवारी शेवटचा, तोही गणिताचे सर ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून नेतात.

माझं म्हणणं आहे ते एवढंच. ग्रंथालयातल्या कार्यक्रमाला विषय कशासाठी द्यायचा? शोभेसाठी नाही आणि पुस्तकं खपावीत म्हणूनही नाही. त्या दिवसापुरती पोरांची दुसरी वाटणी करता यावी म्हणून. तुकडी कार्यालय ठरवतं, विषय आपण ठरवतो. ही एक सत्ता आपल्याकडं आहे आणि ती आपण हार घालण्यात घालवतो.

आता हाराचा विषय निघालाच आहे. १५ ऑक्टोबर. वाचन प्रेरणा दिन. २०१५ पासून आपण तो साजरा करतो. कलामसाहेबांबद्दल मला अपार आदर आहे, ते ज्या वयात वर्तमानपत्रं वाटत होते त्या वयात मी कैऱ्या चोरत होते. पण तारीख बघा. सहामाही परीक्षा एक तर चालू असते नाही तर तोंडावर असते, आणि वरून पत्र येतं आदल्या दिवशी संध्याकाळी. सकाळी फोटोची फ्रेम पुसायची. झेंडूचा हार, कारण दसऱ्याचा उरलेला असतो. पोरं रांगेत, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, ‘पान उघडा, खाली बघा, हं, हसू नका, वाचताय तुम्ही’. फोटो. ग्रुपवर टाका. दुपारी बारापर्यंत लिंक भरा : सहभागी विद्यार्थी किती, वाचलेली पुस्तकं किती. एके वर्षी मी घाईत दोन्ही रकाने उलटसुलट भरले. शाळेतल्या मुलांपेक्षा पुस्तकं कमी आणि त्या पुस्तकांनी मुलं वाचली असा अर्थ झाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षी मी मुद्दाम तसंच भरलं. तेही चाललं.

तेव्हा चिडून ठरवलं, आपला कार्यक्रम आपल्या तारखेला. डिसेंबरातला एक साधा शनिवार, ज्याला कुठल्याही थोर माणसानं जन्म घेतलेला नाही असा. (एका शिक्षकानं नंतर शोधून काढलं की घेतला होता. शिक्षक असेच असतात.) सकाळची शाळा, थंडी, खिडक्या बंद. आमचं ग्रंथालय जिन्याखाली, दोन गोदरेजची कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि एक बल्ब, तोही मनात आलं तर लागणारा. अशा जागेत परीकथा सांगून काय होणार? विषय तिथं आधीच राहत होता. भुतं.

नियम दोनच. घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाकडून भुताची गोष्ट ऐकून यायची, आणि सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा आणायचा. नाव दिलं सातवीच्या छप्पन्न पोरांनी, तिन्ही तुकड्यांतून. दारात बिस्किटांचा डबा ठेवला होता, त्यात चिठ्ठ्या : मुंजा, हडळ, खवीस, वेताळ, चकवा. जी चिठ्ठी निघेल त्या गटात बसायचं. ‘बाई, मी सेमीत आहे’ असं एकजण सवयीनं म्हणालाच. म्हटलं, आता तू खवीस आहेस, आत जा.

खडूनं जमिनीवर गाव काढलं नाही, ते पुसलं जातं. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून खळीनं जोडली आणि त्यावर पोरांनी गावाचा नकाशा काढला. ओढा, चिंच, बंद पडलेली जिनिंग मिल, एसटी स्टँडच्या मागची मुतारी. तिथं खवीस असतो यावर तिन्ही तुकड्यांचं क्षणात एकमत झालं. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. मग ज्याचं भूत जिथलं, तिथं त्यानं नाव लिहायचं आणि गटाला गोष्ट सांगायची. गंमत अशी की नकाशावर एकाच चिंचेखाली चार मुंजे निघाले. चार आज्यांचे चार. मग चौकशी सुरू झाली, तुझा मुंजा कुठल्या सालचा, माझा धाकटा का थोरला. ‘अ’मधली मुलगी ‘क’मधल्या पोराला विचारतेय, तुझी आजी आमच्या आत्याच्या आळीतली का रे? तीन वर्षं शेजारच्या वर्गात होती ती दोघं.

डॉक्टरांची मुलगी रडत आली. ‘बाई, माझ्या आजीकडे भूतच नाही.’ आजी कोथरूडला, चौथ्या मजल्यावर. म्हटलं बरोबर आहे, तिथं माणसांना पार्किंग मिळेना, भुतांनी कुठं राहायचं? पुण्याहून आलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये. तिला चकव्याच्या गटात लेखनिक केलं.

त्या गटात एक पोरगा होता. बीडकडच्या ऊसतोड टोळीबरोबर आलेला, नोव्हेंबरात दाखल झालेला, मार्चमध्ये जाणार. हजेरीत शेवटी, पेन्सिलनं लिहिलेलं नाव. एकटा बसायचा. त्याची आजी गावाकडं, हे इथं कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत. त्यानं आदल्या रात्री मुकादमाच्या फोनवरून आजीकडून गोष्ट ऐकली होती. बाजारातून परतताना आजीला चकवा लागला. रात्रभर चालली आणि पहाटे बघते तर त्याच विहिरीपाशी, आपलीच टोपली समोर. पोरगं सांगत होतं खाली बघत, पण थांबत नव्हतं. डॉक्टरांची मुलगी लिहीत होती आणि मध्येच म्हणाली, ‘हळू. टोपलीत काय होतं?’ त्याला माहीत नव्हतं. तो चपापला. म्हणाला, ‘इच्यारून सांगतो.’ दुसऱ्या गटातली पोरंही सरकत सरकत तिथं आली. चकव्यातून सुटायचं कसं यावर जुंपली. एक म्हणे चपला उलट्या घालायच्या, दुसरा म्हणे होतो तिथंच बसून राहायचं.

आता त्याची विहीर लावायची कुठं? नकाशा आमच्या गावाचा, विहीर दीडदोनशे किलोमीटरवर. मी काही बोलायच्या आत दोघांनी कॅलेंडरचं आणखी एक पान आणलं. ईशान्येला जोडलं. रस्ता पुरेना म्हणून आणखी दोन. तो रस्ता भिंत चढून दाराच्या चौकटीपर्यंत गेला आणि तिथं ती विहीर आली. दार उघडलं की विहीर दोन भागांत व्हायची.

सोमवारी तो पहिल्यांदा मधल्या सुट्टीत ग्रंथालयात आला. ‘मेथी’ म्हणाला. टोपलीत मेथी होती. मला नाही सांगायचं होतं, तिला सांगायचं होतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीये, ‘दहा मिनिटे’. बघते. पण तक्रारीची गोष्ट राहिली.

मंगळवारी एक पालक आले. पोरगं रात्री एकटं मोरीत जाईना. मुख्याध्यापकांनी मला बोलावून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून दिली. म्हटलं सर, कायदा भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणाऱ्यांसाठी आहे, आजीची गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी नाही. पण नुसतं म्हणून भागणार नव्हतं. विज्ञानाच्या बाईंना घेऊन पुढच्या शनिवारी दुसरी बैठक लावली. मैदानात पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि सरळ चाला म्हटलं. कुणी डावीकडं वळलं, कुणी उजवीकडं, दोघं गोल फिरून जवळजवळ निघाले तिथंच आले. डोळ्यांपुढं खूण नसली की माणसाला सरळ रेषेत चालता येत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. बीडच्या आजीला काय झालं ते पोरांना कळलं, आणि गोष्टही शाबूत राहिली. तक्रारवाले पालक स्वतः पट्टी बांधून चालले. सगळ्यात जास्त तेच वाकडे गेले.

आणि कार्यालयापुरतं मी आणखी एक केलं. पुस्तकं विषयवार लावायच्या दशांश पद्धतीत ड्यूईसाहेबांनी भुतांना १३३ हा क्रमांक दिलाय, फलज्योतिषाच्या शेजारी. लोककथांना ३९८. मी आमची सगळी भुतं १३३ मधून उचलून ३९८ मध्ये ठेवली. मुख्याध्यापकांना दाखवलं, सर, आता हे लोकसाहित्य आहे. त्यांनी सही केली. या व्यवसायात आपल्याला एवढाच काय तो मंत्र येतो.

आता ‘पाच मिनिटे’ आलं, खाली दोन रेघा मारून. तर नियोजन आणि अंमलबजावणी.

तारीख साधी घ्या, दिनविशेषाची नको. २३ एप्रिलचा पुस्तक दिन तर आपल्याकडं परीक्षेत नाही तर साठा पडताळणीत जातो, तो विसरा. विषय असा निवडा की ज्याचं भांडवल प्रत्येक घरात आहे. अवकाश, रोबोट हे नको, त्यात ज्याच्या घरी इंटरनेट तोच पुढं. पाऊस घ्या, भाकरी घ्या, आजोळ घ्या, गावातल्या हरवलेल्या वस्तू घ्या. भाकरीला आमच्याकडं ज्वारी, बाजरी, नाचणी असे गट पडले, आणि ६४१.५ मधलं, कधी न हललेलं पाककृतींचं पुस्तक तीन आठवडे परत आलं नाही. गट चिठ्ठीनंच पाडा, पोरांवर सोडलंत तर पुन्हा तुकडीच बसेल. स्पर्धा नको, बक्षीस नको, प्रमाणपत्र तर नकोच. बक्षीस आलं की ‘अ’ जिंकते आणि ‘क’ टाळ्या वाजवते. पाहुणा नको, त्याला खुर्ची लागते आणि जिन्याखाली खुर्चीएवढ्या जागेत चार पोरं मावतात. पुस्तकं टेबलावर दहाबाराच मांडा, कपाट उघडं ठेवा. देवघेव त्याच दिवशी, कार्ड नसलं तरी, माझ्या चार प्रती गेल्या आणि तीन आल्या, चौथी गेली असं समजा. आणि पंधरा दिवसांच्या आत दुसरी बैठक लावाच, नाहीतर जुळलेलं पुन्हा सुटतं. भिलार बघितलं असेल तुम्ही, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, एकेक घर एकेका विषयाचं. माणसं या घरातून त्या घरात जातात म्हणून तिथं मजा आहे. आपल्याकडं घर एकच, म्हणून विषय बदलता ठेवायचा. खळीत मोरचूद घाला, बाइंडर घालतात तसं, पण तुम्ही स्वतः घाला, विषारी असतं, पोरांच्या हातात देऊ नका. मी पहिल्या वर्षी घातलं नव्हतं, दोन मुंजे झुरळांनी खाल्ले.

बीडचा पोरगा मार्चमध्ये गेला. पुढच्या नोव्हेंबरात टोळी आली ती दुसऱ्या कारखान्यावर गेली असं कळलं. विहीर दारावर अजून आहे, रंगकाम आलं तेव्हा मी चौकट तेवढी सोडायला लावली.

शेवटचं, कारण दाखल नोंदवहीबद्दल हमखास विचारतात. पोरांच्या पंचावन्न गोष्टींची बांधून वही केली तर तिला दाखल क्रमांक द्यावा का? द्यावा. मी दिला. किमतीच्या रकान्यात शून्य. ‘कोणाकडून प्राप्त’ या रकान्यात लिहिलं : ‘भेट. अठ्ठेचाळीस आज्या, सात आजोबा’. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच्यापुढं लाल पेनानं शेरा मारला, ‘पावत्या जोडाव्यात’. मी निवृत्त झाले तेव्हा अकरा पावत्या जमा झाल्या होत्या.

चहा आला वाटतं.